कॉन्टेसाचं बाजारातलं नवं डॅशबोर्ड पॅड: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. जुन्या कॉन्टेसा गाडीसाठी हल्ली जी नवी डॅशबोर्ड पॅडं, म्हणजे डॅशबोर्डवर बसणारी मऊ आवरणं, मिळतात, त्यातलं एक मी घेतलं, बसवून घेतलं आणि अख्खा उन्हाळा-पावसाळा त्याच्यासोबत गाडी चालवली. ज्यांचं मूळ पॅड तडकलंय पण आतला सांगाडा शाबूत आहे, त्यांनी हे घेऊ नये. ज्यांच्याकडे सांगाडाच उरला नाही त्यांना दुसरा इलाज नाही, त्यांनी घ्यावं. पण खाली लिहिलंय ते वाचून घ्यावं.

माझी गाडी इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनाची, 5 गिअरची. हिंदुस्थान मोटर्सनं 2002 मध्ये कॉन्टेसा बंद केली, म्हणजे सगळ्यात शेवटची गाडीसुद्धा आता विशी पार करून गेली. इंजिनाचं कोल्हापुरात अडत नाही. बुश, शाफ्ट, ब्रॅकेट, काहीही असो, शिवाजी उद्यमनगरात हातात नमुना घेऊन गेलात की कुणीतरी करून देतो. अडतं ते आतल्या प्लॅस्टिक, रबर आणि पॅडपाशी.

मूळ पॅडमध्ये तीन थर असतात: खाली सांगाडा, मध्ये फोम, वर पीव्हीसीची कातडी. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणासाठी तेलकट रसायन मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षं उन्हात उडून जातं. मग कातडी आटते, ताणली जाते आणि एसीच्या जाळ्यांच्या कोपऱ्यांपासून तडकायला लागते, कारण ताण कोपऱ्यातच साठतो. एकदा फट पडली की खालचा फोम उन्हानं भुगा होऊन बाहेर येतो. रंकाळ्यावर संध्याकाळी चार माणसं गाडीभोवती जमायची, कौतुक करायची, आणि आत डोकावली की सगळ्यांची नजर त्या भेगांवरच जायची. मला ते फार लागायचं.

नवं पॅड खोक्यातून निघालं तेव्हा रंग आणि वरचं दाणेदार टेक्स्चर बघून जीव सुखावला. उलटं केल्यावर मात्र चित्र वेगळं होतं. मूळ पॅडला आत पत्र्याचा सांगाडा आहे, ह्याला फायबरचं पातळ कवच. काचेवर वारा सोडणाऱ्या फटी फोमच्या पापुद्र्यांनी अर्ध्या बुजलेल्या. स्क्रूची भोकं आहेत, पण अंदाजपंचे. काहीही न चिकटवता नुसतं ठेवून बघितलं तर डावी बाजू नीट टेकली आणि उजवीकडे दाराच्या खांबापाशी करंगळी जाईल एवढी फट राहिली. मीटरवर पुढे येणारा भाग खाली झुकलेला, त्यामुळे सीटवर बसल्यावर स्पीडोमीटरचे वरचे आकडे झाकले जात होते.

विकणाऱ्याचं म्हणणं, ‘थोडं ओढून बसवा, फोम आहे, येतं.’ मी ते ओढलं नाही. पॅड घेऊन उद्यमनगरात ओळखीच्या पॅटर्नमेकर मामांकडे गेलो. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ज्यावरून साचा काढतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. ते करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी जुनं आणि नवं पॅड शेजारी ठेवलं, पट्टी लावली आणि म्हणाले, “ह्ये जुन्याच पॅडवरनं साचा मारलाय बघ. जुनं आधीच उन्हानं आटलेलं, त्यात ह्ये साच्यातनं निघताना आणि आटलं. आम्ही बिडाला टक्काभर वाढीव धरतो, ह्यांनी काय धरलंय?”

सगळा घोळ ह्या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा थांबतो. कोल्हापुरात फाउंड्रीशी संबंध आलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: वितळलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. फोम आणि प्लॅस्टिकही साच्यात आकसतात, फक्त प्रमाण वेगळं. सव्वा मीटर लांबीच्या वस्तूत 1 टक्का म्हणजे साडेबारा मिलिमीटर झाले. माझी उजवीकडची फट जवळपास तेवढीच होती. तडकलेल्या, आटलेल्या पॅडचाच साचा काढायचा आणि आकसण्याची सूटही धरायची नाही, म्हणजे चूक दुप्पट होते. असं पॅड ओढून बसवलं की ताण पुन्हा कोपऱ्यातच जाणार आणि नवी कातडी पहिल्याच उन्हाळ्यात तडकायची तयारी करणार.

बसवताना एक गोष्ट मी ठामपणे सांभाळली: गाडीच्या पत्र्याला एकही नवं भोक पाडू दिलं नाही. भोकं जुळत नव्हती म्हणून पॅडचीच भोकं कानशीनं लांबट केली आणि रुंद वॉशर टाकले. पॅड मधोमध बसवून फट दोन्हीकडे सारखी वाटून घेतली आणि कुशनवाल्याकडून दोन्ही टोकांना फोम-रेक्झिनची अरुंद पट्टी करून घेतली. मीटरवरचा झुकाव काढायला आतून ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून दिली. वाऱ्याच्या फटी धारदार पात्यानं पूर्ण मोकळ्या केल्या. हे काम कुणी टाळू नये, ते दिसण्यापुरतं नाही. जुलैत गगनबावड्याच्या रस्त्याला लागलात की काच आतून धुरकटते, आणि तेव्हा त्या फटींतून वारा आला नाही तर पुढचा ट्रक दिसत नाही. माझ्या गाडीत आता वारा काचेवर नीट पसरतो, पावसाळाभर तक्रार आली नाही.

तक्रार आली ती उन्हाळ्यात. एप्रिलच्या उन्हात काचा बंद करून उभ्या गाडीत डॅशबोर्ड 70 अंशांच्या पुढे सहज जातो. कुशनवाले चिकटवायला नेहमी वापरतात ते सोल्युशन एवढ्या उष्णतेला मऊ पडतं. आमच्याकडे उजव्या टोकाची पट्टी उचकटली. ती पुन्हा बसवताना चिकटवण्यावर भिस्त न ठेवता खालून क्लिप मारून घेतल्या, तेव्हापासून हललेली नाही. पण मधल्या भागात कातडी फोमपासून सुटून एक फुगा आलाय, हाताच्या तळव्याएवढा. सकाळी बसतो, दुपारी वर येतो. त्याला माझ्याकडे उपाय नाही. कातडीचा तो भाग कारखान्यातच नीट चिकटलेला नव्हता.

दुसरा त्रास काचेवरच्या थराचा. कातडीतलं मऊपणाचं रसायन गरम झालं की उडतं आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर होऊन बसतं. दिवसा कळत नाही. रात्री कागलकडून हायवेनं येताना समोरच्या गाडीचा उजेड पडला की अख्खी काच पांढरी होते. साबणाच्या पाण्यानं पुसून कोरड्या फडक्यानं घासलं की जातं, पण उन्हाळ्यात वरचेवर पुसावं लागतं. वळीव सुरू झाल्यावर प्रमाण कमी झालं, वासही गेला. शिवाय ही कातडी मूळच्यापेक्षा चकचकीत आहे, भर दुपारी तिचं प्रतिबिंब काचेत पडतं. त्यावर चमक आणणारे पॉलिश अजिबात मारू नका, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा.

चांगलं तेही सांगायला पाहिजे. रंग अजून उडालेला नाही, कातडीला भेग नाही, आणि खडखडाट मूळच्या भुगा झालेल्या पॅडपेक्षा कमी आहे.

कुणाला घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा. टेप लावून टोकापासून टोकापर्यंतचं माप मागा, ते जुन्या पॅडच्या नाही, तर आपल्या गाडीतल्या पत्र्याच्या मापाशी ताडा, कारण पत्रा आटत नाही. साचा कशावरून काढलाय हे सरळ विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका. आणि जुनं पॅड भंगारात मुळीच देऊ नका.

माझं जुनं पॅड सध्या मामांच्या शेडमध्ये आहे. भुगा झालेला फोम खरवडून सांगाडा साफ केलाय, गंजाला प्रायमर लागलाय. आता त्यावर फोम चढवायचा तर वरच्या पृष्ठभागाची खरी उंची आणि मीटरवरच्या भागाचा खरा बाक कळायला हवा, आणि तो माझ्या तडकलेल्या पॅडवरून कळणार नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात कुणाकडे कायम सावलीत राहिलेली, पॅड न तडकलेली कॉन्टेसा असेल तर सांगा. गाडीचा एक स्क्रूही न काढता, फक्त पुठ्ठ्याचे साचे लावून मापं घेऊ. मामा स्वतः यायला तयार आहेत, आणि ती मापं नंतर मागेल त्या कॉन्टेसावाल्याला देऊ.