डबीवर ४०एक्स, डोळ्याला १०: घडीचं भिंग आणि खिशातला काटा

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. चिल्लर बघायची नाही, बोटांनी ओळखायची, ही सवय. निवृत्तीनंतर एरर नाण्यांचा, म्हणजे टाकसाळीच्या चुकीने वेगळ्या निघालेल्या नाण्यांचा, नाद लागला तेव्हा कळलं, की बोटांना जे कळत नाही त्यालाच इथे भाव. म्हणून दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या: दिवा असलेलं घडीचं भिंग, २४० रुपये, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, ३८० रुपये. चार महिने रोज वापरतोय.

आधी तक्रार. भिंगाच्या डबीवर '४०एक्स' छापलंय, ती सरळ थाप आहे. ओळखीच्या सोनाराचं १०एक्सचं भिंग घेऊन एकच नाणं दोन्हींतून पाहिलं. अक्षर तेवढंच मोठं. पण नाण्याला दहापट पुरे होते. त्यापुढे गेलं की प्रत्येक ओरखडा टाकसाळीची चूक वाटायला लागतो.

दिवा बंदच ठेवा. वरून सरळ उजेड पडला की स्टीलचं नाणं चकाकतं आणि अक्षरांना दुहेरी कड आल्यासारखी दिसते. याच दिव्यात मी दोन रुपयांचा एक 'डबल डाय' (डाय म्हणजे नाण्याचा ठसा; त्या ठशावरच अक्षरं दोनदा कोरली गेलेलं नाणं) शोधला आणि भाच्याला फोटोही पाठवला. सकाळी खिडकीशी तिरक्या उन्हात धरलं, तर अक्षराच्या बाजूला नुसती सपाट पायरी, आणि तेवढंच अक्षर बारीक झालेलं. ठसा मारताना डाय हलली की असं होतं. त्याला मशीन डबलिंग म्हणतात, त्याला कोणी जास्तीचा रुपया देत नाही. खऱ्या डबल डायमध्ये दुसरं अक्षरही उठावाचं असतं, टोकाशी खाच दिसते.

टाकसाळीच्या खुणांसाठी मात्र भिंगाला तोड नाही. सालाखाली डायमंड असला तर मुंबई, तारा हैदराबाद, गोल टिंब नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. झिजलेला डायमंड नुसत्या डोळ्यांना टिंबच वाटतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या वहीतल्या अकरा नाण्यांची नोएडाहून मुंबईला बदली झाली.

काटा मात्र आधीच घ्यायला हवा होता. ऐंशीच्या दशकातला तांबं-निकेलचा एक रुपया मी रविवारच्या बाजारात 'पातळ पत्र्याचं एरर' म्हणून ३०० रुपयांना घेतला होता. हा रुपया असतो सहा ग्रॅमचा. काट्यावर ठेवला, ४.३८. खूश झालो! मग त्याच सालाचा दुसरा रुपया त्यावर ठेवला, तर तो चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता. तिथेच पोटात गोळा आला. ठसा मारताना नाण्याभोवती कडं असतं, त्यामुळे पत्रा पातळ असला तरी घेर पूर्ण २६ मिलिमीटरच भरायला हवा. भिंगाखाली बाकीचं उघडं पडलं: सिंहांची तोंडं मेणासारखी वितळलेली, कड सुरीसारखी, पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कोणीतरी ॲसिडात बुडवून काढलेला. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

आजीच्या गळ्यातला पंचम जॉर्जचा रुपयाही तपासला. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, काट्यावर ११.४१. मुकुटाच्या वर कडेला करडा डाग, तिथली कानस भिंगातून साफ दिसते. कडीचा टाका काढलेला. बाजारात त्याला चांदीचाच भाव, पण तो विकायचा नाहीच.

काट्याचं एक नाटक आहे: पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो. भिंगाची बिजागरी दुसऱ्याच महिन्यात ढिली झाली. चष्म्याच्या दुकानात स्क्रू आवळून घेतला, पैसे घेतले नाहीत. भिंगाला पाचपैकी तीन, काट्याला साडेचार. उरलेला अर्धा गुण मे महिन्यात पंखा बंद करून बसावं लागतं म्हणून कापलाय.