प्लॉटिंगच्या जागेचं पाणी: पट्टी, लॅब की पूर्ण तपास?

वर्धा-जळगावकडे शेतजमीन घेऊन एनए (बिगरशेती) करायची, प्लॉट पाडायचे म्हटलं की विकणारा विहिरीवर नेतो, ओंजळभर पाणी पाजतो आणि म्हणतो, "बघा, किती गोड." पण खतातून, सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटला ना चव ना वास. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी सुमारे 36 टक्क्यांत ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, वर होतं. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं त्यात ठळक. तेव्हा तपासायचं हे ठरलेलंच, कसं तेवढं ठरवायचं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पट्टी. पाण्यात बुडवा, मिनिटभर थांबा, गुलाबी रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवा. तक्त्यावर 25 नंतर बहुधा थेट 50 असतं आणि आपली मर्यादा नेमकी मधे, 45 वर. त्यामुळे पट्टीवर सौदा करू नये. पण एका सकाळी आजूबाजूच्या दहा विहिरी फिरून कुठे गडद रंग येतो ते बघायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. गोठा, उकिरडा, गावाचा नाला कुठल्या बाजूला आहे हे तिथेच लक्षात येतं.

लॅबचा आकडा पक्का, पण बाटली नीट भरली तरच. बोअर असेल तर मोटर काही वेळ चालू ठेवून मग नमुना घ्या, बर्फात ठेवा आणि 48 तासांत पोचवा. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची खाजगी लॅब, दोन्ही चालतात. फसगत होते ती एककात. माझ्यासमोर एकदा 11.2 चा रिपोर्ट आला आणि सगळे खूश. बारीक अक्षरात "नायट्रोजन म्हणून" लिहिलेलं होतं. नायट्रेट काढायला 4.43 नं गुणलं तर जवळपास 50! त्याच फेरीत क्लोराईड आणि, वेगळ्या निर्जंतुक बाटलीत लवकर पोचवून, ई. कोलायही (विष्ठेतले जिवाणू) तपासून मागा, तिन्ही जास्त निघाले तर संशय युरियापेक्षा सांडपाण्यावर किंवा शेणखतावर जातो.

विहीर की बोअर? दोन्ही. आपल्या काळ्या पाषाणात विहीर वरच्या मुरमातलं पाणी घेते, म्हणून तिथे नायट्रेट बहुधा जास्त. बोअरचं कमी आलं की लोक निर्धास्त होतात. पण केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपाच्या) कडेनं वरचं पाणी उतरत असेल तर तेही फार दिवस टिकत नाही.

पूर्ण तपास म्हणजे चार-पाच ठिकाणं, पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा नमुने, पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा अंदाज, आणि आपण तिथे काय ओतणार त्याचा हिशेब. हा शेवटचा भाग कुणी करत नाही. पाच एकरांत 40 घरं, 160 माणसं, गटार नाही, प्रत्येकाचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. माणशी वर्षाला साधारण 4 किलो नायट्रोजन, म्हणजे 640 किलो. त्यातला पावच खाली पोचला असं धरू: 160 किलो. माणशी रोजचे 100 लिटर सांडपाणी आणि 100 मिलिमीटर मुरलेला पाऊस मिळून वर्षाचं पाणी होतं सुमारे 78 लाख लिटर. भागा: नायट्रोजन लिटरला 20 मिलिग्रॅम, नायट्रेट म्हणून 90. आज विहीर स्वच्छ असली तरी मर्यादेच्या दुप्पट आपणच करून ठेवू. आरओ लावू म्हणाल, तर त्याचं वाया जाणारं पाणीही त्याच खड्ड्यात जाणार. आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाटलीत ते जाणं सगळ्यात वाईट.

स्वतःपुरतं एक फार्महाऊस बांधायचं असेल तर पट्टी आणि विहीर-बोअरचे दोन लॅब रिपोर्ट पुरेत. नगरपरिषदेचं गटार जागेपर्यंत येत असेल तरी तेवढ्यावर भागेल. शोषखड्ड्यांवर लेआउट उभा करणार असाल तर मात्र माझं मत पूर्ण तपासाचंच, जमिनीच्या भावापुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. मेमध्ये पहिल्या बाटल्या भरा, ऑक्टोबरचे आकडे हातात येईपर्यंत इसार देऊ नका.