पदावलीतील मूल्यमापनाचा क्रम तपासायचा तर: जीसीसी, क्लँग, सीपीपीचेक की फ्रामा-सी?

यादी[क] = क++; (क++ म्हणजे क चे मूल्य एकने वाढवणे) ही सी भाषेतील ओळ समोर ठेवली की एकजण म्हणतो जुन्या जागी मूल्य जाईल, दुसरा म्हणतो नव्या जागी. दोघेही चुकतात, कारण डाव्या बाजूचा क आधी वाचायचा की उजव्या बाजूची वाढ आधी करायची, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलेच नाही आणि असा कोड अव्याख्यित वर्तनात मोडतो, म्हणजे तो काय करेल याची मानक कोणतीच हमी देत नाही. सी++ मध्ये २०१७ च्या मानकाने नेमणुकीची (= ची) उजवी बाजू आधी मोजण्याचा नियम केला, त्यामुळे तीच ओळ तिथे वैध ठरते. जावात सर्व काही डावीकडून उजवीकडे मोजले जाते, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. पुढील तुलना सी आणि सी++ लिहिणाऱ्यांसाठी आहे: जीसीसी आणि क्लँग हे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे कंपायलर, तर सीपीपीचेक आणि फ्रामा-सी ही कोड न चालवता तपासणारी साधने.

साधन निवडण्यापूर्वी दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करणे फार गरजेचे आहे, कारण बाजारातील बहुतेक साधने त्यांपैकी एकच पकडतात. पहिला प्रकार वरचा: एकाच पदावलीत एकच व्हेरिएबल बदलले जाते आणि त्याच वेळी वाचलेही जाते, किंवा दोनदा बदलले जाते. दुसरा प्रकार नोंदव(वाच(फाईल), वाच(फाईल)) असा दिसतो. इथे अव्याख्यित वर्तन नाही, कारण दोन फंक्शनांची कामे एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र कोणते आधी चालेल ते कंपायलरवर सोडलेले आहे. क्लँग आर्ग्युमेंटे डावीकडून मोजतो, तर जीसीसी एक्स८६-६४ वर अनेकदा उजवीकडून. एका मापकयंत्राच्या कोडमध्ये माझ्या हातून हीच चूक झाली होती. कंपायलर बदलला त्या दिवशी वरची बाइट खाली आणि खालची वर गेली, आणि एकही वॉर्निंग आली नव्हती.

पहिल्या प्रकारासाठी सर्वांत जवळचे साधन कंपायलर हेच आहे. जीसीसीचा सिक्वेन्स-पॉइंट हा इशारा ‘वॉल’ (-Wall) पर्यायात अंतर्भूत आहे, तर क्लँगचा अनसिक्वेन्स्ड हा इशारा काहीही न सांगता मुळातच चालू असतो. मॅक्रोंच्या जागी त्यांचा मजकूर घालणाऱ्या प्रीप्रोसेसरचे काम झाल्यानंतर दोघेही तपासतात, त्यामुळे वर्ग(क) म्हणजे ((क)*(क)) अशा मॅक्रोला कोणी वर्ग(क++) असे बोलावले, तरी मॅक्रोआड लपलेली दुहेरी वाढ त्यांना दिसते. संदेशाच्या बाबतीत मात्र मी क्लँगला झुकते माप देईन. जीसीसी ‘क वरील क्रिया अव्याख्यित असू शकते’ एवढेच सांगतो. क्लँग दोन बदल भिडले की एक बदल आणि एक वाचन भिडले, हे वेगळे करून सांगतो आणि लांब ओळीत त्याने बराच वेळ वाचतो.

सी++१७ वापरणाऱ्यांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. नव्या मानकात वैध झालेल्या नेमणुकींवरही जीसीसी इशारा देत राहतो, आणि सी व जुन्या सी++ मध्ये तोच कोड बिघडू नये म्हणून हे हेतुपुरस्सर केले आहे, असे त्याच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. क्लँगने आपली तपासणी नव्या नियमांप्रमाणे बदलली. ज्यांची हेडर फाईल सी आणि सी++ दोन्हींत वापरली जाते, त्यांना जीसीसीचा कडकपणा उपयोगी पडेल. ज्यांचा कोड केवळ सी++१७ आहे, त्यांना तो अकारण वाटेल.

क्लँगची मर्यादाही ठाऊक असावी. तो नावाने ओळखता येणाऱ्या व्हेरिएबलांचा आणि चालू ऑब्जेक्टच्या सदस्यांचा माग ठेवतो, खाते.शिल्लक = ++खाते.शिल्लक अशा रूपातील दुसऱ्या ऑब्जेक्टचा सदस्य त्याच्या नजरेतून सुटतो. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर ते ओळखणे या इशाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. चालू प्रोग्राममधील चुका पकडणारा यूबीसॅन इथे मदत करेल अशी अनेकांची समजूत असते, पण त्यात या चुकीची तपासणीच नाही.

सीपीपीचेकचे वेगळेपण तपासणीच्या खोलीत नसून व्याप्तीत आहे. कंपायलर एका वेळी एकच कॉन्फिगरेशन पाहतो. सीपीपीचेक इफडेफच्या, म्हणजे अटीनुसार समाविष्ट होणाऱ्या कोडच्या, वेगवेगळ्या फांद्या स्वतःहून तपासतो, एका फाईलमागे मुळात १२ पर्यंत, आणि सर्व हेडर फाईल हाताशी नसल्या तरी त्याचे काम अडत नाही. पाच-सहा बोर्डांसाठी एकच कोड सांभाळणाऱ्या गटाला याचे मोल लगेच कळेल. मिस्रा सी २०१२ या सी भाषेच्या सुरक्षित वापरासाठीच्या नियमावलीचे पालन बंधनकारक असेल तर नियम १३.२ नेमका याच विषयाचा आहे: मान्य असलेल्या कोणत्याही क्रमाने मोजले तरी पदावलीचे मूल्य आणि तिचे टिकाऊ परिणाम तेच राहिले पाहिजेत. सीपीपीचेकला मिस्राची जोडणी आहे. नियमांचा मजकूर मात्र आपणच मिळवून द्यावा लागतो.

फ्रान्समध्ये विकसित झालेले फ्रामा-सी वेगळ्या जातीचे आहे. ते पॉइंटर कुठे बोट दाखवू शकतात याचा हिशेब मांडते, म्हणून *प = (*फ)++ मध्ये प आणि फ एकच असू शकतात का, हे ते विचारू शकते. त्यासाठी ‘अनस्पेसिफाइड-अॅक्सेस’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तो मुळात बंद असतो, आणि ही एक ओळ न वाचल्यामुळे पूर्ण तपासणी झाल्याचा गैरसमज सहज होऊ शकतो. हे साधन मुख्यतः सीसाठी आहे आणि त्याला प्रारंभीची स्थिती नीट सांगण्याचे कष्ट घ्यावे लागतात. ब्रेक किंवा औषधपंपाच्या छोट्या गाभ्यासाठी ते कष्ट सार्थकी लागतात, मोठ्या सर्वसाधारण कोडसाठी नाही.

दुसऱ्या प्रकाराच्या चुकीला या चौघांपैकी कोणावरही विसंबू नये. कॉम्पसर्ट या सी कंपायलरचा इंटरप्रिटर ‘ऑल’ पर्यायाने सर्व संभाव्य क्रम चालवून पाहतो, पण ती स्थिर, म्हणजे कोड न चालवता केलेली, तपासणी नव्हे, आणि क्रमांची संख्या भराभर वाढत असल्याने छोट्या तुकड्यांपुरतेच ते शक्य होते. माझ्या गटात आम्ही कोड-परीक्षणातच नियम केला: बाहेरची स्थिती बदलणारी दोन फंक्शने एका पदावलीत बोलवायची नाहीत; आधी वरची = वाच(फाईल); मग खालची = वाच(फाईल); असे दोन ओळींत लिहायचे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी जीसीसी आणि क्लँग दोन्हींनी बिल्ड करावे आणि हे दोन्ही इशारे एरर म्हणून गणावेत. इफडेफ पुष्कळ असतील किंवा मिस्राची अट असेल तरच सीपीपीचेक जोडावा, आणि फ्रामा-सीकडे पॉइंटरांनी गजबजलेला, जिवावर बेतू शकणारा भागच न्यावा.