नॅरोबोटीवर आठ महिने: लंडनच्या कालव्यावरचा संसार

ऑक्टोबरात सामान हलवलं, आता जून लागला. ५७ फुटी, जुनी, आधी दोघांनी वापरलेली बोट. रुंदी जेमतेम ७ फूट, कारण मिडलंड्समधली, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातली, जुनी लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजे) तेवढीच अरुंद. आतून दिसते गिरगावातली चाळीची खोली कुणीतरी दोन्ही टोकांनी ओढल्यासारखी. स्वयंपाक चालू असताना नवऱ्याला पलीकडे जायचं तर मला ओट्याला चिकटावं लागतं.

बोट बांधायला कायमची जागा परवडेना, म्हणून आम्ही फिरस्ते. १९९५ च्या कायद्याने एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस, मग दोर सोडायचे. रीजेंट्स कॅनॉल ते ली नदी, हिवाळाभर तेच. हॅकनीत काठ मिळाला तर नशीब, नाहीतर दुसऱ्या बोटीला बोट बांधायची आणि उतरायचं शेजाऱ्यांच्या बोटीवरून. एकदा ऑफिसातून दमून सवयीने जुन्याच जागी गेले. घर नाही! छातीत धस्स झालं. सकाळीच नवऱ्याने हलवलं होतं.

लोकांना वाटतं, स्वस्तात पडत असेल. परवाना, विमा, दर ४ वर्षांनी सुरक्षा तपासणी, तळाला डांबर; त्यात २०२४ पासून फिरत्या बोटींना परवान्यावर अधिभार. भाड्यापेक्षा कमी, पण फुकट नव्हे.

थंडीचं म्हणाल तर शेगडी उत्तम. रात्री कोळसा घालून हवा कमी केली की पहाटेपर्यंत निखारा राहतो. कोळशाची बोट दाराशी येते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच. खरा शत्रू दव. कुकरची वाफ, आमचे श्वास, वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी होऊन खिडकीवरून गादीत उतरतं. जानेवारीत कपाट उघडलं तर पैठणीच्या काठावर बुरशी. त्या दिवशी मी बोट विकायला काढली होती, मनातल्या मनात. आता भात काठावरच्या पिकनिक स्टोव्हवर.

सौर पॅनेल डिसेंबरात शोभेपुरतंच. बॅटरीसाठी इंजिन चालवायचं, तेही रात्री ८ ते सकाळी ८ सोडून.

आता संडास. कॅसेट म्हणजे संडासाखालची, मैला साठवणारी झाकणाची पेटी, दोघांत तीन-चार दिवस पुरते. मग ती ओढत नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. आईला व्हिडिओवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून हेच करायला गेलीस?" सवय होते, पण एकदा ती जागा नादुरुस्त निघाली आणि पुढची चार लॉक पलीकडे. बोट घेणार असाल तर पडद्यांचं नंतर बघा, आधी दुसरी कॅसेट घ्या.

परवापासून आमच्या सुकाणूवर वारकरी पक्ष्याने काटक्या रचायला घेतल्यात. चौदावा दिवस रविवारी आहे.