बाटली डायनामो की हब डायनामो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटल्यावर सायकलनं घरी येणाऱ्यांनी हे वाचाच. डायनामो म्हणजे चाक फिरलं की लाईटला वीज देणारं यंत्र. टायरला घासून फिरणारा बाटली डायनामो स्वस्त पडतो, कुठलाही सायकलवाला बसवून देतो, आणि दिवसा मागं ओढून ठेवला की पायडलवर काहीच लोड नाही. पण चालू केला की घर्र घर्र आवाज, सायकल जड, आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल टायरला लागला की रोलर घसरतो न् लाईट गुल, तेही नेमकं खड्ड्याच्या तोंडावर!

हब डायनामो पुढच्या चाकाच्या मध्येच असतो, त्यामुळं पाऊस असो चिखल असो त्याला फरक पडत नाही, आवाज नाही, लोडही कमी, फक्त बंद असला तरी किंचित ओढ राहते पण ती जाणवत नाही म्हणा. गोम पैशात आहे, हब महाग आणि चाक नव्यानं स्पोक भरून बांधावं लागतं.

रोज रात्रीचं येणंजाणं असेल तर माझं मत हबलाच, कधीमधी असेल तर बाटली बास झाली. दोन्ही साधारण 6 व्होल्ट 3 वॅटचे, एसी म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट देतात, म्हणून बॅटरीवरचा एलईडी डायरेक्ट जोडू नका, डायनामोचाच घ्या आणि स्टँडलाईटवाला बघा, सिग्नलला थांबलं तरी पेटत राहतो.