कोरोनातलं थकलेलं भाडं: कर्ज काढावं, तडजोड करावी की कोर्टात जावं?

कोरोनाच्या काळात थकलेलं भाडं बडोद्यात अजूनही बऱ्याच ठिकाणी लटकलेलं आहे. कुठे रावपुऱ्यातलं शिलाईचं दुकान, कुठे दांडिया बाजारातल्या वाड्यातली वरची खोली. मालक आणि भाडेकरू जिन्यात रोज भेटतात, बोलतात, पण पैशांचा विषय दोघंही टाळतात. विषय निघालाच तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सरकार भरून देतं म्हणे, फॉर्म कुठे मिळतो?"

असा फॉर्म नाही. थकलेलं भाडं भरून देणारं अनुदान गुजरातेत तेव्हाही नव्हतं, आजही नाही. 'भाडे सहाय्य' मिळवून देतो म्हणून कुणी शंभर-दोनशे रुपये किंवा आधारची झेरॉक्स मागत असेल, तर देऊ नका.

गैरसमज का होतो तेही कळतं. ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी खरोखरच अशी मदत ऐकलेली असते. अमेरिकेनं डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ च्या दोन कायद्यांतून ४६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम यासाठी ठेवली आणि बहुतेक वेळा ती थेट घरमालकाकडे गेली. इंग्लंडनं ऑक्टोबर २०२१ मध्ये नगरपालिकांमार्फत ६ कोटी ५० लाख पौंड दिले. वेल्सनं आधी १ टक्का व्याजानं कर्ज देऊन पाहिलं, पण २०२१ मध्ये ते बंद करून अनुदान सुरू केलं. ज्याची कमाईच बुडाली, त्याला मागच्या भाड्यासाठी कर्ज देऊन त्याचं ओझं उतरत नाही, एवढं त्यावरून आपणही घ्यावं.

आपल्याकडे २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयानं कामगारांकडून एक महिना भाडं मागू नये असा आदेश काढला. मागू नये म्हणजे माफ झालं असं नव्हे. त्याच दिवशी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल असं सांगितलं. जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते आश्वासन बंधनकारक ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठानं त्या निकालाला स्थगिती दिली. खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात तर त्याच न्यायालयानं मे २०२० मध्येच सांगितलं होतं की लॉकडाऊन होता एवढ्यावरून भाडं थांबत नाही. गुजरात सरकारनं दिलं ते कर्ज होतं: सहकारी संस्थांमार्फत १ लाखापर्यंत, कर्जदाराला २ टक्के व्याज, पहिले सहा महिने हप्ता नाही. तेव्हा ते कामाचं होतं. आता ठरवायचंय ते कर्ज, कोर्ट की तडजोड या तीन वाटांमधून.

कर्जाची वाट दिसायला सोपी आहे. समजा सहा महिन्यांचं दरमहा ४,००० प्रमाणे २४,००० थकलंय. पतसंस्थेकडून १२ टक्क्यांनी, घटत्या शिल्लकेवर, वर्षभरासाठी घेतलं तर हप्ता सुमारे २,१३२ चा आणि वरचं व्याज १,६०० च्या आसपास. हेच सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी घेतलं आणि मुद्दल वर्षभर तसंच राहिलं, तर नुसतं व्याज ८,६४० होतं. गुजरातेत सावकारीला नोंदणी लागते, ती नसलेल्याच्या दारात जाऊच नका. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये 'अन्योन्य' ही देशातली पहिली सहकारी पतमंडळी उभी केली ती याच गावात, त्या गावच्या माणसानं भाड्यापायी चिठ्ठीवरच्या व्याजात अडकावं हे मनाला लागतं. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही केंद्राची कर्जयोजना आहे. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,०००, वेळेत फेडलं की २५,०००, मग ५०,०००, आणि व्याजात ७ टक्के सवलत. पण ते धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठी आहे. खंडेराव मार्केटजवळ भाजी लावणाऱ्यानं त्यातून माल भरावा आणि विक्रीतून भाड्याचा हप्ता काढावा. ती रक्कम सरळ जुन्या भाड्यात घातली, तर धंदाही बसतो.

कोर्टाच्या वाटेवर सगळ्यात आधी मुदत पाहावी लागते. थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे त्या काळात थकलेल्या भाड्याची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून धरली, तर फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. ती संपण्याआधी भाडेकरूनं 'एवढं देणं आहे' असं सही करून लिहून दिलं असेल, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. मुदत संपल्यानंतरसुद्धा 'जुनं देणं फेडीन' असं लेखी वचन सहीनिशी दिलं, तर ते करार कायद्यानं बांधून घेतं. म्हणून भाडेकरूंना कळकळीचं सांगणं: समोर आलेल्या कागदावर घाईत सही करू नका. आणि मालकांना: जुनी चिठ्ठी, जुनी पावती शोधा, तुमचा हक्क जिवंत आहे की नाही ते त्या तारखेवर ठरतं.

हे झालं पैशांच्या वसुलीचं. जागा खाली करून घेण्याचा प्रश्न निराळा. १९४७ च्या भाडे कायद्याखालच्या जुन्या जागांत मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून महिनाभर भाडेकरूला पैसे भरायला अवधी असतो. तो महिना कुणीही वाया घालवू नये. नोटीस आली की त्याच आठवड्यात वकील गाठा.

माझं मत तडजोडीच्या बाजूनं आहे, आणि तीही लोकअदालतीतल्या. दावा लागलेला नसला तरी दोघांच्या संमतीनं प्रकरण तिथे ठेवता येतं, फी लागत नाही, आणि झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपीलही नाही. मालकाचा फायदा असा की हप्ता चुकला तर नवा दावा न लावता वसुलीला जाता येतं. भाडेकरूचा फायदा असा की आकडा एकदाच ठरतो, पुढे वाढत नाही. पण समोरचा यायलाच तयार नसेल तर लोकअदालत काही करू शकत नाही, हे धरून चला.

तडजोडीत लिहायचं काय? महिनावार थकबाकी, सोडलेली रक्कम, उरलेल्याचे हप्ते आणि तारखा. वरच्याच उदाहरणात मालकानं ९,००० सोडले, तर १५,००० उरतात: दहा हप्ते, दर महिन्याच्या ७ तारखेला १,५००, चालू भाड्याच्या पावतीशिवाय वेगळी पावती. 'एक हप्ता चुकला तर पंधरा दिवसांची सवड' हे वाक्य भाडेकरूनं आग्रहानं घालून घ्यावं. पुढच्या तारखांचे चेक मात्र पैशांची खात्री असेल तरच द्या, परत गेलेल्या चेकवर फौजदारी होते. नऊ हजार सोडणं मालकाला जड जातं, हे मी हलकं घेत नाही. वाड्याच्या तुटपुंज्या भाड्यावर औषधं भागवणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या मालकिणी या गावात आहेत, त्यांच्याकडे पूर्ण माफीची मागणी करू नये. वसूल झालेलं जुनं भाडं मिळालेल्या वर्षाच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यातून ३० टक्के वजावट मिळते, हेही त्यांनी हिशेबात घ्यावं.

कोर्टात जावंच असं मला एकाच प्रसंगी वाटतं: ऐपत असूनही देणारा टाळतोय आणि मुदत जिवंत आहे. कर्ज काढावं तेही एकाच प्रसंगी: नोटीस आलीय, महिना संपत आलाय आणि हप्ता फेडण्याइतकी कमाई पुन्हा सुरू झालीय.

लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं काम दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात चालतं, आता न्याय मंदिर या जुन्या कोर्टाच्या इमारतीत नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जाताना भाडेकरार असेल तर तो, नसेल तर जुन्या पावत्या, ओळखपत्र आणि महिनावार हिशेबाचा एक कागद न्या. जमा करायला झेरॉक्स द्या, मूळ पावत्या नुसत्या दाखवून परत घ्या.