‘पग घोरतोच, ताई’ असे सांगून आम्हाला आजारी पिल्लू विकले गेले

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही नागपुरातील एका घरगुती ब्रीडरकडून, म्हणजे घरी कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याकडून, पग या चपट्या तोंडाच्या जातीच्या कुत्र्याचे पिल्लू घेतले. २२,००० रुपये यूपीआयने दिले आणि पावती मागितली, तेव्हा “पेपर आले की सगळे एकदमच देतो, ताई,” असे उत्तर मिळाले. ते पेपर आजतागायत आलेले नाहीत, परंतु माझी खरी तक्रार त्याहून गंभीर आहे.

पिल्लू आमच्यासमोर आणले तेव्हा ते झोपलेले होते आणि त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठ्याने घोरत होते. मी त्याबद्दल विचारले, तर विक्रेता म्हणाला, “पग घोरतोच, ताई. घोरत नसेल तर समजा की जात मिक्स आहे.” म्हणजे जो दोष होता तोच त्याने शुद्ध जातीचा पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो मान्य केला. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे हा कुत्रा आपल्याकडे घरोघरी माहीत झाला, तेव्हापासून त्याचे ते सूं-सूं, घुर्र-घुर्र गोड मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. पिल्लाची आई कुठे आहे, असे विचारल्यावर ती शेतावर ठेवली असल्याचे सांगून त्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला.

आम्ही त्याचे नाव भुरू ठेवले. एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तो जेमतेम दोनशे पावले चालला आणि रस्त्यातच पोटावर आडवा झाला. तोंडाला फेस आला होता, मान ताणलेली होती आणि जीभ जांभळट पडली होती. डॉक्टरांनी त्याला प्राणवायू लावला, अंग थंड केले आणि दीड तासाने तो शुद्धीवर आला.

त्या रात्री डॉक्टरांनी मला त्याचे नाक जवळून दाखवले. नाकपुड्यांच्या जागी गोल छिद्रे नव्हतीच, दोन बारीक उभ्या चिरा होत्या. त्यांनी नाकाच्या बाजूची कातडी बोटाने किंचित बाहेर ओढून धरली आणि भुरूच्या श्वासाचा आवाज तेवढ्यापुरता कमी झाला. पगचे थोबाड पिढ्यानपिढ्या आखूड होत गेले, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही, त्यामुळे टाळूचा मऊ भाग लांब राहून घशात लोंबतो आणि श्वासाची वाट अडवतो. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. वाटच अरुंद असेल तर त्या धापांचेच कष्ट होतात, कष्टाने उष्णता आणखी वाढते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात हे चक्र काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. शिवाय रोज जोर लावून हवा ओढल्याने स्वरयंत्राजवळचा भाग सुजून आत ओढला जातो, म्हणून वाट पाहत बसण्याने हा त्रास वाढतच जातो.

पावसाळ्यात, हवा थंड झाल्यावर, भुरूच्या नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा वाढीव भाग कापण्याची शस्त्रक्रिया झाली. या कुत्र्यांना भूल देणे जोखमीचे असते. पूर्ण जाग येईपर्यंत श्वासनलिकेतली नळी काढत नाहीत, आणि ते दोन तास मी कसे काढले ते मला लिहिता येत नाही. खर्च पिल्लाच्या किमतीहून अधिक झाला.

टाके दाखवायला गेलो तेव्हा तिथे याच ब्रीडरकडून आधीच्या विणीतली मादी घेतलेले एक कुटुंब भेटले. तिलाही हाच त्रास होता. त्यांनी भुरूची आई प्रत्यक्ष पाहिली होती, आणि तिच्या नाकावर दोन वर्षांपूर्वीच शस्त्रक्रिया झाल्याचे तिथल्या कामगाराने त्यांना सांगितले होते. शस्त्रक्रियेने भुरूच्या आईचे नाक मोकळे झाले, तिचा वारसा बदलला नाही, आणि हे माहीत असूनही तिला पुन्हा व्यायला लावण्यात आले. मी फोन केला तेव्हा विक्रेता म्हणाला, “नाकाची गॅरंटी कोणी देत नाही.”

आपल्या देशात २०१७ पासून श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम लागू आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. दातांवरून डॉक्टरांना भुरूचे सांगितलेले वयही खोटे वाटले, पण माझ्या हाती पैसे पाठवल्याच्या नोंदीखेरीज काहीच नव्हते. म्हणून नोंदणी क्रमांक आणि पावती हातात आल्याशिवाय कोणीही एक रुपयाही देऊ नये. पिल्लू जागे असताना, थोडे खेळून झाल्यावर, तोंड मिटलेले असताना त्याचा श्वास ऐकावा. आईला प्रत्यक्ष चालताना पाहावे, तिच्या नाकावर जुन्या टाक्यांच्या खुणा आहेत का ते बघावे, आणि ती दाखवायला नकार मिळाला तर तिथून परत यावे.

भुरू आता पहाटे साडेपाचला फिरतो, गळपट्टा न लावता छातीच्या पट्ट्यावर, आणि उन्हाळ्यात दिवसभर कूलरच्या खोलीतच राहतो. मागच्या आठवड्यात त्याच ब्रीडरची नवी जाहिरात माझ्या पाहण्यात आली. तिच्यात तीन पिल्ले आहेत, तिन्ही झोपलेली आहेत, आणि आईचा फोटो नाही.